बिनक्लचची गाडी

नळदुर्ग, ३ जून

चि. शिवानंदास अव्वाचा आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागले की तुझे अप्पा शेजारी कान देऊन बसतात, म्हणून लिहितेय. साखरेनं त्यांचा डावा पाय बधिर झालाय. चप्पल निघून पडली तरी कळत न्हाय. परवा हायवेवर क्लच नीट दबला न्हाय, गाडी मधोमध बंद पडली. मागनं ट्रक आला, थोडक्यात वाचलो. तरी तामलवाडीच्या शेताला गाडीनंच जायचं म्हणतात. काय तरी तोड काढ रे. आमच्यावरची माया पातळ करू नको.

तुझी अव्वा, महादेवी

पुणे, १२ जून

ती. अव्वास शि. सा. न.

काळजी करू नकोस. आपली गाडी देऊन तसलीच जुनी, छोटी, पण ऑटोमॅटिक गाडी बघितली आहे. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. डाव्या पायाला आराम, काम सगळं उजव्याचं. आधी डॉक्टरांना पाय दाखवा म्हटलं, तर अप्पा म्हणाले उजवा ठणठणीत आहे. रविवारी गाडी घेऊन येतो. शेंगाची चटणी कुटून ठेव, आणि आठवण काढत राहा.

तुझा शिवानंद

नळदुर्ग, ९ जुलै

चि. शिवानंदास अनेक आशीर्वाद.

पोरा, गाडी लई झकास. डावा पाय जावयासारखा नुसता बसून असतो. तुझी अव्वा शेजारी शिवशिव करते, मला हसू येतं. ब्रेक मात्र जरा उशिरा लागतो. धनाजी मेस्त्रीला दोनदा दाखवला, तर म्हणतो ब्रेक नव्यासारखा आहे. त्याला काय कळतंय! पायाखाली काही लागतच न्हाय. सोमवारी एकटाच कळंबच्या बाजाराला जाणार आहे. तुमचा सगळ्यांचा जिव्हाळा असाच असू द्यावा.

तुझे अप्पा, महालिंगप्पा

नळदुर्ग, २ ऑगस्ट

चि. शिवानंदास आशीर्वाद.

पत्र वाचून तू त्या सोमवारी किती फोन केलास, पण गाडी चालवताना ते उचलत न्हायत. ढाब्यासमोर थांबायला गेले आणि गाडी सुसाट सुटली. चहा पीत बसलेला ढाब्यावरचा वाढपी व्यंकट भिंतीशी चेंगरला. जीव वाचला त्याचा, पाय काढावा लागला. त्याच्या बायकोसमोर मला उभं राहवलं न्हाय.

ब्रेकच दाबला होता, असं हे अजून म्हणतात. गाडी दुरुस्त होऊन आली की परत चालवणार म्हणतात. काल तावातावानं माझ्या हातात सुई दिली, उजव्या पायाला टोचून बघ म्हणाले आणि डोळे मिटून बसले. जरा वेळानं चिडून म्हणाले, अगं, टोच की.

पावलाखालचं फडकं तवर लाल झालं होतं.

लवकर ये बाबा.

तुझी अव्वा