चार किलोमीटरवरचा चेहरा

मंगळवार, ३ जून

जमलं! परवा सैगा हरणांचा राखणदार सापार याला कुणीतरी गोळी घातली. मनोऱ्यावरच्या कॅमेऱ्यात मारेकरी दिसतो, पण चार किलोमीटरवर, भर दुपारी. तापलेल्या माळावर हवा अशी थरथरत होती की माणूस म्हणजे नुसता हलणारा डाग. नऊशे चित्रं एकावर एक जुळवली, धूसर डागातून चेहरा काढायचं पुढचं काम मी शिकवलेल्या प्रोग्रामने केलं. आधी बंदूक दिसली. मग नाक, मिशी.

कैरोल्ला!

आमचा कैरोल्ला? गेल्या उन्हाळ्यात प्रोग्रामला शिकवायला लांब उभा राहणारा माणूस हवा होता, तर हा आपले घोडे सोडून अकरा दिवस उन्हात उभा राहिला. "रौशन, एक तरी फोटो चांगला काढ गं, मुलीकडच्यांना दाखवायला!"

तरी आमच्या प्रमुखांना, टोलेगेन आगांना, चित्र दाखवलं. "यंत्राला नातंगोतं नसतं, पोरी," म्हणाले. चित्र पोलिसांकडे गेलं.

गुरुवार, ५ जून

नेलं त्याला.

रविवार, ८ जून

सापारच्या घरी सातव्या दिवसाचं जेवण. त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून सापडला तो." पुढ्यातली तळलेली पोळी तशीच ठेवून उठले.

बाहेर माझ्या गाडीपाशी कुल्याश अपा उभी — कैरोल्लाची आई. आत यायची तिची हिंमत झाली नसावी.

"त्या दुपारी तो माझ्यापाशी होता. घोडी विताना अडली होती."

"अपा, चित्रात तोच दिसतोय."

"दिसणारच! तुझ्या डबड्याने दुसरं माणूस पाहिलंय कधी?"

मी गाडी सुरू केली.

सोमवार, ९ जून

तिचं बोलणं डोक्यातून जाईना. शिकवणीचे फोटो उघडले. बावीस हजार. सगळे त्याचेच.

आणि हे मला माहीत होतं! तेव्हा आणखी माणसं मागितली होती मी. आगा म्हणाले, "एक पुरे." मीही पुरे म्हटलं. लाज वाटते.

मंगळवार, १० जून

भर दुपारी, मारेकरी दिसला त्याच जागी जाऊन तासभर उभी राहिले. डोक्याला लाल रुमाल, हातात काठी. सापार पडला तिथे कुणीतरी दगड रचलेत. आगांनी नाक मुरडलं, पण कॅमेरा माझ्याकडे वळवला.

बुधवार, ११ जून

चित्र आलं. लाल रुमाल माझा, काठी माझी. रुमालाखाली कैरोल्लाचं नाक, कैरोल्लाची मिशी.

आगा म्हणाले, "इतक्यात कुणाला दाखवू नकोस." दोन प्रती छापल्या. पोलीस ठाणं दोनशे दहा किलोमीटरवर. कुल्याश अपा गाडीत बसली आहे.

वाटेत सापारचं घर लागतं. आधी तिथे थांबायचं, आणि त्याच्या बायकोला सांगायचं — मला कुणीच दिसलं नव्हतं.