हद्दीच्या अलीकडचा गाळा

देवळी,
१० डिसेंबर २०२४

आदरणीय वासुदेवकाका,

नमस्कार. तो घ्यायचा की परत करायचा, ते पूर्ण वाचून ठरवा. काकूंचे गुडघे आता बरे असतील. तुमची दालमिल नव्या जागी सुरू झाली, अभिनंदन.

काल तुम्ही माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात आलात आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "कुंदन, काऊन इतका टॅक्स भरून राह्यला बे? हद्दीच्या बोर्डापलीकडं ग्रामपंचायत आहे, घरपट्टी चौथाई. मिलच्या बाजूले शेड देतो तुले. भाडं नको देजो."

मी रागात होतो, म्हणून नुसतं "पाहतो" म्हणालो. आता पाहिलं. नाई येत.

तुम्ही मिल हलवली ते बरोबरच केलं. मिलला जागा भरपूर लागते, कर जागेवर बसतो, आणि ट्रकला बसस्टँड लागत नाही. माझा गाळा दहा बाय बारा. कास्तकार जळालेली मोटार पोत्यात घालून एसटीनं येतो, उतरला की समोर मी. तो ऑटो करून चार किलोमीटर तुमच्या शेडवर येईल? कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं मी, पण एवढं कळते.

हे खरं आहे. पूर्ण नाही.

सावंगीची साडेपाचची बसही माझ्यासमोरच थांबते. तुमची लेक जया दवाखान्यातली ड्युटी करून तिथंच उतरते. तुम्हाला माझ्या टॅक्सची काळजी नव्हती, काका. तुम्हाला मला त्या स्टॉपसमोरून हलवायचं होतं.

दिवाळीत तुम्ही तिला विचारलं होतं, "त्या मडाव्याच्या पोराचं नाव आहे का कुठं? सातबारावर? नोकरीत?" तिनं मला सांगितलं नाही. तिच्या भावानं, तुमच्या मुकेशनं सांगितलं, तुमचा आवाज काढून. 'मडाव्याच्या' कसं म्हणालात, तेही.

सोबत या वर्षीच्या कराच्या पावतीची झेरॉक्स आहे. गाळा भाड्याचा, पण टॅक्स मी भरतो, म्हणून भोगवटादाराच्या रकान्यात माझं नाव आहे. बापाच्या नावासकट. सरकारी कागदावर, शिक्क्याखाली. तुमच्या शेडच्या पावतीवर त्या रकान्यात तुमचं नाव असतं. म्हणून जास्तीचा टॅक्स भरतो, आणि भरत राहीन.

मूळ पावती मागू नका. जयानं काल ती वाचली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. "राहू दे माझ्याजवळ," म्हणाली.

रविवारी तिला सुट्टी आहे. आम्ही दोघं घरी येतो. शेडचं बोलायला नाही.

'आपला' लिहायला तुमची परवानगी नाही, तरी,

आपला,
कुंदन पुनाजी मडावी
भोगवटादार