घरटी एक माणूस

नवीन पनवेल,
१५ सप्टेंबर २०११

प्रिय मनू,

परवा दुपारच्या भरतीला आपल्या गावाचा खाडीकडचा बांध फुटला. चांगली दहा-बारा हात रुंद खांड पडली आहे. जगन सरपंचाने फोनवर सांगितलं. बातमी खुद्द त्याच्या तोंडची असली, तरी बातमीदाराच्या सवयीप्रमाणे मी स्वतः जाऊन बघून आलो. खरी आहे. पाणी शिरलं ती शेतं संपादनात गेली, आता आपली नाहीत, त्याचं दुःख कोणालाच नाही. पण पाणी स्मशानाच्या ओट्याला लागलं आहे. आईला नेलं ती जागा. अमावास्येच्या उधाणाआधी खांड बुजली नाही, तर ती खाडीत जाईल. बाबांना सध्या तेवढंच दिसतं.

तुला आठवत असेल, हाळी आली की घरटी एक माणूस पाटी-फावडं घेऊन बांधावर जायचा. जेवताना आली तर ताटावरून उठायचं. ज्या घरातून कोणी गेलं नाही, त्या घरच्या हळदीला गाव जायचं नाही. दादूच्या थोरल्या बहिणीच्या हळदीला मांडवात फक्त वाजंत्री बसले होते, कारण त्या साली त्याचे वडील बांधावर आले नव्हते. त्यानंतर दादूने एकही हाळी चुकवली नाही. ताप असला तरी यायचा.

परवा बाबांनी देवळापाशी उभं राहून तशीच हाळी दिली. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही आवाज खणखणीत आहे. लोक ओटीवर आले आणि तिथेच थांबले. जगन गाडी घेऊन आला, पांढरे बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून खिडकीतूनच फोटो काढला आणि म्हणाला, "आबा, आता पाट्या कोन उचलतं? पोकलेन मागवू." त्या चिखलात पोकलेन उभा राहत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. मग बाबा एकटेच गेले. मी पोचलो तेव्हा ते कमरेइतक्या पाण्यात उभे होते. टाकलेली प्रत्येक पाटी पाणी घेऊन जात होतं आणि ते पुढची भरत होते. मला बघून एवढंच म्हणाले, "तुझी पॅन्ट खराब होल."

तुझ्या लेखात हे सगळं आहे. दोन वर्षांपूर्वी तू ओटीओटीवर बसून प्रश्न विचारलेस आणि पुण्याच्या दिवाळी अंकात लिहिलंस, की एकाच कामाने बांधलेली माणसं ते काम गेल्यावर सुटी होतात. मोबदला घराघरात वेगळा आला, तसं प्रत्येकाचं हितही वेगळं झालं. दुसरा जाईल म्हणून प्रत्येक जण थांबेल आणि पुढच्या खांडीला कोणी येणार नाही. मला ते तेव्हा पटलं होतं, आजही पटतं. फक्त मोबदला बाबांनीही घेतला होता, आणि बाबा त्या लेखात कुठे बसतात ते मला सापडलं नाही.

परतताना मी दादूला विचारलं. ओटीवर चहा पीत होता. म्हणाला, "अरे, मनिषानं छापलंय ना, कोन येनार नाय म्हून? आपली पोर हाय ती, पुन्याला शिकवते. ती खोटं लिवल काय? मंग मी एकटा जाऊन येडा ठरू?" मनू, तो टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटतं. तो अंक प्लास्टिकचं कव्हर घालून देवळात ठेवला आहे. गावाचं नाव छापून आलं म्हणून आल्यागेल्याला त्यातलं वाचून दाखवतात. एका गणपतीत पनवेलच्या बाजारातले नारळ संपणार अशी अफवा उठली होती, आठवतं? जो तो चार जास्तीचे घेऊन गेला आणि नारळ खरोखर संपले. बोललेलंच माणसांच्या हातून खरं कसं होतं, हे तेव्हा तूच मला समजावलं होतंस. त्याला तुमच्या विषयात एक नावही आहे म्हणालीस. ते मी विसरलो.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. तू पाहिलंस ते लिहिलंस, मीही रोज तेच करतो. बाबांनी तुला बोलाव म्हटलेलं नाही. तुला बोलावतोय तो मी. येत्या मंगळवारी भांगाचं पाणी असेल, भरती सगळ्यात कमी. खांड बुजली तर तेव्हाच बुजेल. सकाळी बाबा पुन्हा हाळी देणार आहेत. आपल्या घरातून मी जाईन, पण तू ये. भाषण नको, लेखही मागे घेऊ नकोस. ओढणी कमरेला बांध, पाटी घे आणि दादूच्या ओटीसमोरून चालत जा. तो उतरला तर आणखी चार जण उतरतील. उतरेल असं मला वाटत नाही. तू आलीस किंवा नाही आलीस, तरी बाबा पाण्यात उतरणार आहेत. त्यानंतर आठवड्याने सर्वपित्री अमावास्या आहे आणि भरती दुपारची आहे.

तुझाच,
कमलाकरदादा