पान अकरावरचं कपाट

१२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या बालशाळेला पस्तीस वर्षं झाल्याची पुस्तिका काल टपालाने पोचली. कागद छान, छपाई छान, मुखपृष्ठावर तू छान. पहिली दहा पानं मी कौतुकाने वाचली. मुलाच्या मागून चालायचं, पुढे नाही, ही शिकवण्याची रीत कुठून निघाली, शंभर वर्षांपूर्वी लोकांनी तिला कसं वेड्यात काढलं, तुझ्या प्रशिक्षणातल्या बाई हात पाठीमागे बांधून वर्गात कशा उभ्या राहायच्या, सगळं झकास लिहिलं आहेस. मग अकरावं पान उलटलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी एक अडीच वर्षांचा मुलगा कोपऱ्यातल्या कपाटाचं दार उघडत आणि लावत बसला. चाळीस मिनिटं. एकशे बारा वेळा. तू त्याला अडवलं नाहीस, फळ्यावर खडूने रेघा मारत मोजत राहिलीस, आणि शेवटी तो आपणहून थांबला आणि हसला, तेव्हा शाळा कशी चालवायची ते तुला कळलं. इथवर अक्षर न् अक्षर खरं आहे. पुढे तू लिहितेस की तो मुलगा आज नावाजलेला सर्जन आहे.

ताई, तो माझा टिल्लू होता. मी त्या खोलीत होते. बिजागरीत बोट सापडेल म्हणून मी त्याला ओढायला उठले, तर तू माझं मनगट असं धरलंस की दोन दिवस वळ होता. सर्जनचा फोटो छापला आहेस, खाली वयही दिलं आहेस, तेहतीस. म्हणजे त्या दिवशी तो जन्मालाही आला नव्हता! थाप मारायची तर निदान वजाबाकी तरी करायची.

टिल्लू लिफ्टची दुरुस्ती करतो म्हणून त्याला गाळलंस, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. तो दिवसभर दारंच उघडतो आणि लावतो. दार कुठे अडकतंय ते नुसत्या आवाजावरून सांगतो. तुझ्या रीतीला याहून सरळ पुरावा कुठला हवा होता? आपल्या लेकीचं, ठमीचं नाव त्याने तुझ्याच शाळेत घातलं आहे, जूनपासून. पुस्तिका त्याच्या हाती पडायच्या आत हे पान दुरुस्त कर. तीन मेचा समारंभ काही लांब नाही.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.
तुझी धाकटी

१९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी लाज वाटली, मग राग आला. रागाचं आधी लिहिते, कारण तो अजून गरम आहे.

यंदा माझ्याकडे किती मुलं आहेत, ठाऊक आहे? एकोणीस. एके काळी साठ होती. पलीकडच्या गल्लीत नवी शाळा निघाली आहे. तिथे तीन वर्षांच्या पोरांना गृहपाठ देतात आणि आईबाप तो वाटेत भेटेल त्याला दाखवत सुटतात. माझ्याकडे येतात ते दारातच विचारतात की तुमची मुलं पुढे काय झाली. मी सांगते, आपली बटणं आपण लावतात, हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठत नाहीत, दुसऱ्याचं हिसकावत नाहीत. ते घड्याळ बघतात. आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी बैठकीत सांगितलं की निष्पत्ती दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी वर्गात बाकं येतील आणि गिरवायच्या वह्या. ही एकोणीस मुलं बाकांवर बसली की माझी पस्तीस वर्षं संपली. मला सांग, लिफ्टवाल्याचा फोटो बघून कोण आपलं पोर आणून सोडेल? हे वाक्य दोनदा वाचलं, पण खोडत नाही.

डॉक्टर माझ्याकडे चार महिने होता आणि त्यातले तीन त्याने रडण्यात घालवले. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही सापडेना, म्हणून कपाट त्याला दिलं.

आणि तू गं? पाच वर्षांच्या टिल्लूला माझ्याकडून काढून पाढ्यांच्या शाळेत कोणी घातलं? तुझ्या लाडाने पोरगं वाया गेलं, असं दर आठवड्याला मला कोण लिहायचं? शेवटच्या परीक्षेत त्याचं गणित राहिलं तेव्हा तू आठ महिने माझ्याशी बोलली नाहीस. तेव्हा तो माझी निष्पत्ती होता. आता फोटो छापायची वेळ आली तर तुझा मुलगा!

तीनशे प्रती छापून झाल्या आहेत. काय करावं, मला सुचत नाही.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझी ताई

२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं सगळं खरं. तुला ठाऊक नाही तेही सांगते. पाढ्यांसाठी मी त्याला एकदा फूटपट्टीने मारलं. सहा वर्षांचा होता. मार खाऊन झाल्यावर त्याने तीच फूटपट्टी उचलून टेबल मोजायला घेतलं आणि मला आणखीच राग आला. त्या माराची लाज मला आजही वाटते. पण मी केलं ते घरात केलं, तू छापलंस.

आता ऐक. पुस्तिका मी पिठाच्या डब्यामागे लपवली होती. काल तो ठमीला घेऊन आला. डब्याचं झाकण मला निघेना म्हणून तो पुढे झाला आणि पुस्तिका त्याच्या हाती लागली. उभ्या उभ्या वाचली त्याने. मला वाटलं, चिडेल. त्याने एवढंच विचारलं की हे कपाट म्हणजे मी नेहमी सांगते तेच ना. मी हो म्हटलं. तो म्हणाला, मावशीला आठवत नसेल. मी म्हटलं, तिला पक्कं आठवतंय. हे मी बोलायला नको होतं.

त्याने पुस्तिका बंद केली आणि ठमीच्या पायांत बूट घातले. एरवी ती स्वतः घालते, कितीही वेळ लागू दे, तो हात लावत नाही. काल त्याने घातले, नाड्याही बांधल्या, आणि गेला. रात्री फोनवर म्हणाला, ठमीचं नाव काढावं की काय या विचारात आहे.

तीन तारखेला सगळ्यांसमोर खरं बोल. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. नाही बोललीस तर मी व्यासपीठावर चढेन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे.

पूर्वीसारखा लोभ असू दे, असं लिहायला आज पेन धजत नाही.
धाकटी

५ मे

चि. टिल्लू यास,
अ. उ. आ.

आईने सांगितलं असेलच, तरी माझ्या हाताने लिहिते. परवा मी सभेत उभी राहिले आणि सांगितलं की अकराव्या पानावरचा मुलगा माझा भाचा आहे, तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि मी त्याची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर टाकली. अध्यक्षांचा चेहरा पडला. डॉक्टर मात्र हसला. म्हणाला, शंका आलीच होती, त्या साली आईबाबांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. तुझ्या आईने टाळ्या वाजवल्या, एकटीनेच, बराच वेळ.

आता प्रत्येक प्रतीत मी दुरुस्तीचा कागद चिकटवते आहे. आईकडून तुझा फोटोही मागवला आहे. शाळेचं काय ते मंगळवारच्या बैठकीत ठरेल. तू झालं गेलं विसर आणि जूनमध्ये ठमीला घेऊन ये. तिचं नाव काढू नकोस, एवढं म्हातारीचं ऐक.

माया आटू देऊ नकोस.
तुझी मावशी

९ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दुरुस्तीचा अहवाल सोडला तर मला लिहायची सवय नाही, तेव्हा सरळ लिहितो.

आधी तो फोटो चिकटवणं थांबव. आईला वाटतं, कपाटामुळे मी या कामात आलो. तसं काही नाही. गणित राहिलं, शेजारचे काका लिफ्टचं काम करायचे, ते सोबत घेऊन गेले. त्यांचं बेकरीचं काम असतं तर मी पाव भाजले असते. मी तुमच्या दोघींपैकी कुणाचाच पुरावा नाही.

सभेत बोललीस ते बरं केलंस. पण कपाट डॉक्टरला गेलं याचा मला राग नाही. हवं तर त्याला आणखी एक घे म्हणावं. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तुझ्या शाळेत कोणी पहिलं येत नव्हतं आणि कोणी नापास होत नव्हतं. तू नुसती बघायचीस. पुढच्या शाळेत मला रोज ढ म्हणायचे आणि मला ते लागायचं नाही, कारण मला वाटायचं, यांना बघता येत नाही, मावशीला येतं. गणित राहिलं तेव्हाही तेच वाटलं. आजही लिफ्टच्या छतावर उभा राहून ग्रीस लावत असतो आणि दाराशी ताटकळलेला कुणी साहेब अरे-तुरे करतो, तेव्हा मी मनात तेच म्हणतो. तीस-बत्तीस वर्षं त्यावर काढली. आणि त्या दिवशी आईच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळलं की तूही निकाल लावून ठेवला होतास, आणि त्यात मी नापास होतो.

ठमीचं नाव काढलेलं नाही. ती येईल. तुझी रीत बरोबर आहे असं मला अजून वाटतं. तुला वाटेनासं झालं असेल तर ते तुझं तू बघ. मंगळवारच्या बैठकीला मी कामावरून तसाच येणार आहे, बोलावणं असो नसो, आणि तुझ्या अध्यक्षांना बाकं कुठे ठेवायची ते सांगणार आहे.

एकच सांगतो आणि ते तुला ऐकावंच लागेल. ठमी दिवसभर काय करते ते खुशाल बघ. ती पुढे काय झाली, ते कधीही कुठे छापू नकोस.

लोभ असू दे. तो मिळावा म्हणून आम्हाला काही होऊन दाखवावं लागू नये.
टिल्लू