टाकीत गेलेलं अस्वल

नागपूर,
१४ मे १९७६

चि. ताराचंद यास ताईचा जयभीम आणि आशीर्वाद. तुझ्या शामलालाही सांग. आम्ही इथे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचे गुडघे तसेच. विशाखा उंच झाली आहे. किती, ते तू येऊन पाहावंस.

तू पाठवलेलं चित्रांचं पुस्तक पोचलं. रोज झोपताना वाचून दाखव, पोर शांत झोपेल, असं तू सोबत लिहिलं होतंस. (मी रागावलेली नाही. पेन जाड आहे म्हणून अक्षर दाबून आलं आहे.) इथे रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि मी रोज रात्री पाच वर्षांच्या मुलीला मराठी करून सांगते की सगळीकडे बर्फच बर्फ आहे, पांढऱ्या अस्वलाचं पिल्लू बिळात एकटं बसलंय, आई मासे आणायला लांब गेलीय आणि ते तिची वाट पाहतंय. अरे, जिचे आईबाप तिला आत्याकडे ठेवून कॅनडात गेलेत, तिच्यासाठी दुकानात दुसरं काही नव्हतं? एखादा ससा नव्हता? शेवटच्या पानावर आई परत येते, हे खरं. तेवढ्याच पानावर तळहात ठेवून ती झोपायची.

पहिल्याच दिवशी आपल्या आईने ते चित्र पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण मत ठाम. "काहून वं, एवढं केसाळ लेकरू, ऊन लागंल ना त्याले!" झालं. आपण उन्हात निघताना खिशात ठेवतो तसा एक कांदा तिने फडक्यात गुंडाळून पुस्तकाला बांधला. पानापानाला कांद्याचा वास. मी तो सोडला नाही. (सोडला नाही, हे लक्षात ठेव.)

मग सोमवारी भर दुपारी कूलर बंद पडला. मे महिन्यात कूलर बंद पडणं म्हणजे काय, ते तू विसरला असशील. नत्थूजी मिस्त्री आले. त्यांनी वाळ्याची ताटी काढली, टाकीत हात घातला आणि ओला लगदा बाहेर काढत म्हणाले, "बाई, पंपात अस्वल घातलं कोनं?" विशाखा माझ्या पदराआड. कांद्याने भागत नाही असं वाटून तिने पिल्लाला घरातल्या सगळ्यांत गार जागी नेऊन ठेवलं होतं. नत्थूजी इतके हसले की मी त्यांना चहा विचारला नाही.

पुस्तक दोरीवर वाळत घातलं. पिल्लू वाचलं. शेवटचं पान पंपाने खाल्लं, म्हणजे नेमकी आई. तेव्हापासून रोज रात्री एकच: "आत्या, त्याची आई आली का वं?" आली, म्हणते मी. "दाखव." मग मी पेन्सिलीने काढून दाखवली, जीव ओतून. तिने निरखून पाहिली. "हे तं म्हैस हाय," म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून रडली. आपली आई म्हणाली, "म्हैस तं म्हैस, आली ना?" त्यावर जास्तच रडली.

आणि अशात तुझं पत्र! ऑक्टोबरात लिहिलंस, घर मिळालं की नेतो. जानेवारीत लिहिलंस, बर्फ वितळला की नेतो. आता बर्फ वितळला, तर पुन्हा घर मिळायचं आहे. तिला कारणं नको आहेत, ताराचंद. तिला ते पान हवं आहे.

तुझी,
वच्छलाताई

ता. क. दुसरं पुस्तक पाठवू नकोस. चित्रातल्या आईवर आता भागणार नाही. शामलाला पाठव. तूही ये.

ता. क. दुसरा. हे लिहिताना विशाखा उठून मांडीत येऊन बसली. विचारते, आई येईपर्यंत पिल्लाजवळ कोण होतं? त्या पुस्तकात आत्या कुठेच नाही. मी सांगितलं, होती. जे पान गेलं त्यावर होती. "मले माहीत होतं," म्हणाली आणि झोपली. माझा डावा हात तिच्या डोक्याखाली अडकला आहे, म्हणून या ओळी वाकड्या.

ता. क. तिसरा. आलात तरी तिला लगेच नेऊ नका. तिकडे फार बर्फ असतो म्हणतात.