टायगरच्या फोटोची पहिली कॉपी

सुनीती,

तुला शोधायला बाजारात धावतोय. चुकामूक झाली तर माझी वाट बघत बसू नकोस. कापलेल्या अंगठ्यावरची चिंधी सोड, हात साबणाने खसखसून धू आणि शेजारच्या द्वारकाकाकूंना घेऊन तडक सरकारी दवाखाना गाठ. चुलीवरचं राहू दे.

साजगावच्या साहेबांचा ड्रायव्हर फोटो न्यायला आला होता. त्यांचा टायगर काल मेला. घशात हाड अडकलं होतं, म्हणाला. रविवारी फोटोला बसवला तेव्हा त्याचा जबडा लोंबत होता, आठवतंय ना? तू खालून हात लावून धरलास, म्हणून तर फोटो निघाला. तू पाणी ठेवलंस, तेही त्याला गिळता येईना. सुनीती, हाड नव्हतं गं ते. तो पिसाळला होता.

फोटोत त्याच्या तोंडाखाली पांढरी रेघ आली होती. निगेटिव्हला केस चिकटला असेल, असं समजून मी ब्रशने ती काळी केली. लाळ होती ती. मला, रोज भिंग लावून बसणाऱ्याला, कळू नये?

पोटात इंजेक्शनं देतील. रड हवं तर, पण नको म्हणू नकोस.

टेबलावर दोन फोटो आहेत. डॉक्टरांना ब्रश न लावलेला दाखव. त्यात लाळ दिसते, तिने भिजलेली तुझी चिंधीही दिसते. दुसरा मुळीच नेऊ नकोस. त्यात कुत्रा धडधाकट आहे, आणि तुझा हात मी पुसून टाकलाय.

शशिकांत