कोरडी मान

प्रिय बबडे,

पत्र पाहून दचकू नकोस. बाबांनी फोन सोडून कागद कशाला हातात घेतला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर माणूस आपला आवाज सांभाळत बसतो आणि सांगायचं ते राहून जातं. शिवाय फोनच्या वेळी फौजदार कानाला कान लावून बसलेली असते. तुझ्या लेकीला मी हे नाव ठेवलंय ते उगाच नाही. आल्यापासून तिने माझ्या औषधांची, चपलांची आणि फडताळातल्या सगळ्या डब्यांची तपासणी केली आहे. ती बरी आहे, पोटभर जेवते. हाताचं तू ऐकलंसच. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता दुपारचे तीन वाजलेत. घोडीच्या शेडमध्ये बादली उपडी घालून बसलोय, मांडीवर पाट आणि पाटावर कागद. समोर बाईसाहेब उभ्या आहेत. त्यांच्या बरगड्यांकडे बघत मी श्वास मोजतो, मग चार ओळी लिहितो, मग पुन्हा मोजतो. आत्ता मिनिटाला चव्वेचाळीस भरले. एरवी बारा-चौदा असतात. साठ झाले की वाट न बघता फोन करा, असं जनावरांच्या डॉक्टरबाईंनी बजावलंय. ताप चाळिसाच्या वर गेला तरी तेच. थर्मामीटर कुठे लावायचा असतो ते तुला ठाऊकच आहे. त्या वेळी बाईसाहेब भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात, जणू मागे चाललेल्या प्रकाराशी आपला काही संबंधच नाही.

उन्हाळा असा मी पाहिलेला नाही. सकाळी सहालाच दाराची कडी हाताला चटका देते. रात्रीसुद्धा भिंती ऊन धरून ठेवतात, त्यामुळे जनावराला उसंत अशी मिळतच नाही. सायकलच्या दुकानातला जुना टेबलफॅन मी शेडमध्ये आणून लावलाय. सायकलच्या दोन ट्यूबा कापून एकात एक घातल्या, एक टोक नळाला बांधलं, दुसरं दोऱ्याने आवळलं आणि दाभणाने पन्नास भोकं पाडून ते वर आडव्या बांबूला लावलं. आता पाठीवर बारीक पाणी गळत राहतं. जन्मभर लोकांच्या ट्यूबांची भोकं बुजवली आणि म्हातारपणी भोकं पाडायची पाळी आली, म्हणून फौजदार पोट धरून हसली. त्या दिवसानंतर ती तेवढीच एकदा हसली.

कोणता दिवस, ते सांगतो. पण आधी ‘पाझर’ची गोष्ट तुला आठवते का बघ. बाईसाहेब आपल्याकडे आल्या तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. घोडेस्वारीची शाळा बंद पडत होती, आणि पाच वर्षांच्या या ठेंगण्या घोडीला कोणी विचारत नव्हतं. मला घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चेन, ब्रेक, बेअरिंग एवढीच माझी अक्कल. खूर कसा उचलायचा, खोगिराचा पट्टा किती आवळायचा, खरारा कुठून कुठे करायचा, सगळं लाथा खात शिकलो. त्याच दिवसांत तुझ्या आईपुढे मी कशासाठी तरी गयावया करत होतो आणि म्हणालो की या बाईला काही केल्या पाझर फुटत नाही. पाझर म्हणजे काय, असं तू विचारलंस. कठीण वस्तू आतून मऊ झाली की तिला पाणी सुटतं तो पाझर, असं मी आपलं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी तू बाईसाहेबांवरून फेरी मारून आलीस आणि ओला तळवा दाखवत ओरडलीस की यांना पाझर फुटला. आयाळीखाली हात घालून पाहिलास, तिथे घाम होता. तेव्हापासून आपल्या घरचा तो कायदाच झाला. दर थोड्या वेळाने आयाळीखाली हात घालायचा, मान ओली लागली की पायउतार व्हायचं. पाझर फुटला, स्वारी संपली. शाळेतल्या पाढ्यांपेक्षा तुला हे जास्त पक्कं होतं. तू ते तुझ्या लेकीला शिकवलंस, आणि ती इथे आली ती हा कायदा पाठ करूनच.

श्वास एक्केचाळीस. जरा कमी झाले. पाणी प्यायल्या, मिठाचा खडा दोनदा चाटला. चारा मात्र भिजवून ठेवलाय तसाच आहे.

या वर्षी ऊन तापायला लागलं तशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली, की बाईसाहेबांची मान कोरडी राहते. मी खूश झालो बघ. म्हटलं, येत्या थंडीत तीस पूर्ण होतील पण अंगात रग आहे, एवढ्या उन्हात घामाचा थेंब नाही. शेजारच्या लाँड्रीवाल्या बाईंना मी हे छाती फुगवून सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्हाला बसल्या जागी धारा लागतात, तुमच्या घोडीला आमच्याकडे इस्त्रीला उभी करा. पण मग दिसायला लागलं की ऊन चढलं की नाकपुड्या फुगतात, भाता हलावा तशा कुशी हलतात. अंगावर कोंडा धरला, डोळ्यांभोवतीचे केस विरळ झाले. तेव्हा डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी मानेवर, पोटाखाली, मागच्या पायांमध्ये हात फिरवला आणि मला विचारलं की हिला शेवटचा घाम कधी आला. मला आठवेना. त्या म्हणाल्या की काही घोड्यांचा घाम असा एकाएकी बंद पडतो. ही रग नाही, हा आजार आहे. घाम हाच त्यांचा गारवा. तो थांबला की उष्णता आतच कोंडते आणि जनावर उभ्या उभ्या शिजतं. हाच शब्द त्यांनी वापरला. म्हणजे कोरडी मान ही चांगली खूण नव्हती. आपण पंचवीस वर्षं जिच्यावर भिस्त ठेवली ती खूण आता नेमकी उलटी सांगत होती.

मघाशी उठून उगाच ट्यूबची दोन भोकं मोठी केली, बादली विसळून ठेवली, पण लिहायचं ते टळत नाही.

त्या दिवशी, गेल्या मंगळवारी, बाईसाहेब रस्त्यात पडल्या. सकाळचे सात वाजले असतील. बंद गिरणीच्या भिंतीकडेने पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं, तुझीच जुनी फेरी. परत येताना त्या थांबल्या, पुढचे पाय थरथरले आणि त्या खाली गेल्या. मी धावलो. या गुडघ्यांनी मी धावलो यावरून काय ते समज. लाँड्रीतल्या बायका बादल्या घेऊन आल्या. डॉक्टरबाई फोनवर सांगत होत्या की थांबू नका, ओतत राहा, निथळू द्या, पुन्हा ओता. अंगाला हात लावला तर इस्त्रीसारखा चटका बसत होता, आणि एवढं होऊनही मान कोरडी. चाळीस मिनिटं ओतलं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. चाळीस मिनिटांनी त्यांनी मान उचलली, पाय पोटाशी घेतले आणि उठल्या. तेव्हापासून मी या बादलीवर बसून मोजतोय. उन्हाची ही लाट अजून दहा-बारा दिवस हलणार नाही म्हणतात. दर दुपारी वाटतं, आजची निभावली तर निभावली.

बबडे, त्या वेळी त्यांच्या पाठीवर फौजदार होती. तिचा हात मोडला तो पायरीवरून पडून नाही. तिथे, रस्त्यावर मोडला.

आणि याहून वाईट आहे ते असं. डॉक्टरबाई आल्या होत्या फौजदार यायच्या तीन आठवडे आधी. यंदा हिच्यावर कोणी बसायचं नाही, फेरी नाही, अर्धी फेरीही नाही, असं त्या स्पष्ट बोलल्या होत्या. मी त्यांना तोंडावर सांगितलं की आता कोणी बसत नाही. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता. तू म्हणालीस की लेकीचं डोकं नुसतं बाईसाहेबांत आहे, घोडीवर बसायला मिळणार म्हणूनच ती यायला तयार आहे, नाहीतर मैत्रिणींच्या शिबिराला जायचा हट्ट आहे. मला वाटलं, घोडीवर बसायला मिळणार नाही हे कळलं तर पोर यायची नाही. तुझी आई गेल्यापासून या घरात उन्हाळ्यात तेवढाच एक आवाज येतो. मी गप्प बसलो. सकाळी लवकर, थोडंसंच, मी डोळ्यात तेल घालून बघेन, असं स्वतःला समजावलं. पोर आली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली की पाझर फुटला की मी उतरेन. तो फुटणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी हो म्हणालो.

मंगळवारी तिची एक फेरी झाली. मी कठड्यावर बसलो होतो. तिने आयाळीखाली हात घातला, मला तळवा दाखवला, कोरडा, आणि दुसऱ्या फेरीसाठी वळली. बाईसाहेबांच्या नाकपुड्या मला तिथून दिसत होत्या. मी हात वर केला. थांब म्हणून नाही, टाटा म्हणून. ती इतकी आनंदात होती.

प्लॅस्टर घालताना ती रडली नाही. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, “आजोबा, मी दर वेळी हात लावला होता. कोरडीच होती.” मला तेव्हाच सांगायला हवं होतं. घरी आल्यावर तुला फोन केला आणि पायरीचं सांगितलं. ती शेजारीच होती. माझ्या हातातून फोन घेऊन तिने तुला सांगितलं की तिसरी पायरी, ओल्या चपला, चूक माझीच. मी ओल्या चपलांचं काही बोललोच नव्हतो. ते तिने स्वतःच रचलं, माझी बाजू सावरायला, आणि तेही अडखळल्याशिवाय. बाईसाहेब रस्त्यात पडल्या तेव्हा मी घाबरलो होतो, पण फोनवर तिचं ते बोलणं ऐकताना जसा घाबरलो तसा नाही. आता ती रोज सकाळी चांगल्या हाताने बाईसाहेबांची मान चाचपते. पुढे, मागे, खाली. आपला हात चुकीच्या जागी पडला असणार, अशी तिची समजूत आहे. अकरा वर्षांची पोर माझी चूक आपल्या तळव्यात शोधतेय.

पस्तीस. ऊन भिंतीवरून उतरलं. आजची दुपार निभली असं म्हणायला हरकत नाही, पण मोठ्याने म्हणत नाही.

तू शनिवारी येशील तेव्हा तिला तुझ्यासमोर ओल्या चपलांची गोष्ट पुन्हा सांगावी लागू नये, म्हणून हे पत्र. रागवायचं ते माझ्यावर. तिला या वर्षी लगेच घेऊन जायचं असेल तर मी तिची बॅग भरून ठेवीन, एका शब्दाने अडवणार नाही. वरचं सगळं मी आत्ता तिला इथेच बसवून वाचून दाखवलं. डॉक्टरबाई आधीच येऊन गेल्या होत्या तिथपर्यंत पोचलो तेव्हा तिने माझ्याकडे बघणं सोडलं. बराच वेळ प्लॅस्टरची कड नखाने कुरतडत बसली. मी रडण्याची, ओरडण्याची वाट बघत होतो. शेवटी ती म्हणाली की एक चुकीचं लिहिलंयस, बाईसाहेब पडल्या नाहीत. “आधी थांबल्या, मग हळूच बसल्या. मला पाडायचं नव्हतं त्यांना. तसं लिही.” म्हणून तसं लिहितो. तिचं खरं, माझं वरचं खोडलेलं समज. मग तिने विचारलं की आता आई मला इथे पाठवणार नाही ना. मला पटकन काहीतरी गोड बोलून मोकळं व्हावंसं वाटलं, सवयच लागली आहे. पण मी माहीत नाही म्हणालो. ती उठली, माझ्या शेजारी दुसरी बादली उपडी घातली आणि श्वास मोजायला लागली.

तुझाच,
बाबा